गाडीला विंच बसवणे आणि ती सुरक्षितपणे वापरणे : माळव्याच्या काळ्या मातीतील विचार

लोहामंडीकर (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आसपास चोरल, सिमरोल, मानपूर, जानापाव या बाजूंना पावसाळ्यात चारचाकी घेऊन जाणारे बरेच वाढले आहेत आणि त्याबरोबर गाडीच्या पुढे विंच (विजेच्या मोटरने दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) बसवून घेणारेही. विंच विकत घेताना बहुतेकांचे लक्ष खोक्यावर छापलेल्या आकड्यावर असते. ती कशावर बसणार, तिला वीज कोठून मिळणार, दोर कशाला बांधणार आणि दोर ताणलेला असताना माणसे कोठे उभी राहणार, हे प्रश्न गाडी रुतल्यानंतर समोर येतात, आणि तेव्हा पाऊस असतो, अंधार पडत असतो आणि सगळ्यांना घाई झालेली असते. म्हणून हा धागा पाऊस सुरू होण्यापूर्वी काढत आहे.

आधी आकड्याविषयी. गाडीचे एकूण वजन, म्हणजे माणसे, सामान आणि इंधन धरून नोंदणी प्रमाणपत्रात दिलेले कमाल वजन, त्याच्या निदान दीडपट क्षमतेची विंच घ्यावी असा सर्वमान्य संकेत आहे. २२०० किलोच्या गाडीला ३३०० किलो, म्हणजे सुमारे ७३०० पाउंड. बाजारात सर्रास मिळणारी ९५०० पाउंडाची विंच म्हणजे सुमारे ४३०० किलो, तेव्हा कागदावर भरपूर वाटते. मात्र ही क्षमता ड्रमवर (दोर ज्यावर गुंडाळला जातो त्या रुळावर) दोराचा फक्त सर्वांत खालचा थर उरलेला असतानाची आहे. वर एकेक थर चढतो तसा ड्रमचा परिणामी व्यास वाढतो आणि ओढ कमी होत जाते. चौथ्या थरावर हीच विंच सहा हजार पाउंडांच्या आसपास, म्हणजे २७०० किलोच्या आगेमागे येते. याचा व्यवहारातील अर्थ असा की झाड गाडीच्या अगदी जवळ असेल, तर दोर थोडासाच बाहेर निघतो, ड्रम भरलेला राहतो आणि विंच सर्वांत दुबळी असते. जवळचे झाड सोयीचे वाटते, पण लांबचे झाड अधिक उपयोगाचे.

आता दुसरी बाजू, म्हणजे मातीचा विरोध. अमेरिकी सैन्याच्या वाहने बाहेर काढण्याच्या पुस्तिकांमध्ये एक ढोबळ हिशेब दिलेला असतो. चाके चिखलात बुडाली असतील तर विरोध गाडीच्या भारासहित वजनाएवढा धरावा, मडगार्डपर्यंत बुडाली असेल तर दुप्पट, आणि त्याहून वर गेली असेल तर तिप्पट. चढ असेल तर त्याचा भार वेगळा. पंधरा अंशांच्या चढाला वजनाच्या सुमारे पाव भाग आणि तीस अंशांच्या चढाला निम्मा. आपली काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि चाकाखाली पोकळी राहिली नाही तर गाडीचे पोट अक्षरशः धरून ठेवते. २२०० किलोची गाडी मडगार्डपर्यंत बसली की ४४०० किलो विरोध झाला. म्हणजे आपली ९५०० पाउंडाची विंच आपल्या सर्वांत बलवान थरावरही तेथे कमी पडते.

या दोन हिशेबांमुळे माझे ठाम मत झाले आहे की काळ्या मातीत विंचचे बटण दाबण्यापूर्वी फावडे हातात घ्यावे. चाकांपुढची माती काढून उतार करून द्यावा, पोटाखालची माती मोकळी करावी, चाकांपुढे दगड किंवा फळ्या टाकाव्यात. अर्धा तास खोदल्याने विरोध निम्म्यावर येऊ शकतो, आणि विंचची क्षमता अर्ध्या तासात दुप्पट करण्याचा उपाय कोणाकडे नाही. (एक उपाय आहे, कप्पीचा, पण तो वापरतानाही खोदणे सुटत नाही. त्याविषयी पुढे लिहीन.)

राऊनिवासी :

लोहामंडीकर साहेब, हिशेब पटला. पण मग थेट १२००० पाउंडाची विंच का घेऊ नये? माझ्याकडे जिम्नी आहे. मोठी विंच बसवली की कप्पी, थर, खोदणे यांपैकी कशाचीच चिंता उरणार नाही, असे विक्रेत्याने सांगितले.

लोहामंडीकर :

राऊनिवासी, विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यात धोका आहे. जिम्नीचे कमाल एकूण वजन १५४५ किलो आहे. दीडपट म्हणजे सुमारे २३२० किलो, पाउंडांत ५१०० च्या आसपास. १२००० पाउंड म्हणजे ५४४० किलो. ही ओढ विंच देईल, परंतु तीच ओढ विंचचा पाया, त्याला चॅसीशी (गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याशी) जोडणारे बोल्ट, चॅसीची पुढची टोके, शॅकल (दोर आणि पट्टा जोडणारी पिनची लोखंडी कडी), झाडाला बांधायचा पट्टा आणि झाड या सर्वांना सोसावी लागेल. विंच सर्वांत बलवान केली की तुटण्याची पाळी दुसऱ्या कोणावर तरी येते, आणि विंच अडून थांबणे हे शॅकल किंवा हुक सुटून उडण्यापेक्षा शतपटीने बरे. त्याशिवाय लोखंडी दोरासह अशी विंच पायाचा पत्रा धरून चाळीस-पन्नास किलोंपर्यंत जाते आणि ते सगळे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकते. हलक्या गाडीचे पुढचे स्प्रिंग बसतात, ब्रेक लावताना नाक अधिक खाली जाते. आपल्या गाडीला छोटी विंच, सिंथेटिक दोर आणि एक चांगली कप्पी हाच माझा सल्ला राहील.

रामबागकर :

पाया कसा असावा याविषयी कृपया सविस्तर लिहावे. आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये पुढच्या बंपरलाच पट्टी वेल्ड करून त्यावर विंच बसवून देतात आणि दिसायला ते मजबूत दिसते.

लोहामंडीकर :

रामबागकर, बंपर हा धक्का सोसण्यासाठी किंवा शोभेसाठी असतो. त्यावर हजारो किलोंची ओढ टाकायची नसते. विंचचा पाया दोन्ही चॅसी रेलना बोल्टने जोडलेला असला पाहिजे आणि तो त्या गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेला असावा, म्हणजे कारखान्यातून आलेल्या भोकांत बोल्ट बसतात आणि चॅसीला नवीन भोक पाडावे लागत नाही. चॅसीवर वेल्डिंग करू नये. वेल्डच्या उष्णतेने त्या जागेचे पोलाद बदलते आणि तडा बहुधा वेल्डच्या कडेलाच जातो. शिवाय वेल्डिंग करताना बॅटरी आणि संगणकीय नियंत्रणाचे कनेक्टर सोडवले नाहीत तर इलेक्ट्रॉनिक भाग जळण्याची भीती वेगळीच. आपल्या गाडीला चॅसी नसेल, म्हणजे संपूर्ण शरीर एकसंध असेल, तर तिला विंचचा विचार फार जपून करावा. अशा बहुतेक गाड्यांना पुढे ओढ सोसणारी जागाच नसते.

बोल्टांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्याकडे याच जागी काटकसर होते. या आकाराच्या विंचच्या पायाला बहुधा चार बोल्ट असतात आणि त्यांची भोके दहा इंच गुणिले साडेचार इंच या ठरलेल्या चौकटीत असतात. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा ताकदीच्या दर्जाचा शिक्का हवा. १० मिलिमीटरचा ८.८ दर्जाचा बोल्ट कायमचा न ताणला जाता सुमारे साडेतीन टनांच्या आगेमागे ताण सोसतो. डोके कोरे असलेला बाजारू बोल्ट याच्या निम्म्यालाही पुरेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. विंचसोबत आलेले बोल्ट हरवले म्हणून गोणीतले बोल्ट उचलून बसवणे हा प्रकार मी पाहिला आहे. आपण सियागंजाच्या बाजारात जाऊन शिक्क्याचा बोल्ट मागून घ्यावा. किमतीतला फरक एका वेळच्या पोहे-जिलबीएवढाही नसतो. लांबीही नेमकी हवी. फार लांब बोल्ट विंचच्या पायातील भोकाच्या तळाला टेकतो, घट्ट झाल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात पत्रा सैल राहतो. घट्ट करताना माहितीपत्रकात दिलेला टॉर्क पाहून टॉर्क पान्याने घट्ट करावा, आणि पहिल्या जोरदार ओढीनंतर पुन्हा तपासावा.

दोर कोणत्या बाजूने गुंडाळला आहे हेही बसवतानाच पाहावे. बहुतेक विंचमध्ये दोर ड्रमच्या खालच्या बाजूने निघतो, त्यामुळे ओढ पायाच्या जवळून जाते आणि पाया उलटण्याचा जोर कमी राहतो. दोर उलटा गुंडाळला गेला, तर आत ओढण्यासाठी ‘बाहेर’चे बटण दाबावे लागते आणि ड्रमचा ब्रेक त्या दिशेने धरत नाही. चढावर ही गोष्ट किती भयंकर ठरेल, हे वेगळे सांगायला नको.

सियागंजवाला :

मी वाहनांच्या विजेचे काम करतो, म्हणून त्या अंगाने लिहितो. लोहामंडीकर साहेबांनी पाया सांगितला. माझ्या दृष्टीने विंच निकामी होण्याचे आणि गाडीला आग लागण्याचे मूळ केबलमध्ये असते.

९५०० पाउंडाची १२ व्होल्टची विंच पूर्ण भारावर सुमारे ४०० अँपिअर प्रवाह घेते. भार नसताना तीच विंच साठ-ऐंशी अँपिअरवर फिरते, म्हणून दुकानात बटण दाबून पाहिल्यावर सगळे ठीक वाटते. ४०० अँपिअरला ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जाण्या-येण्याचे मिळून तीन मीटर घेतली, तर वाटेत सुमारे ०.७ व्होल्ट हरवतात. त्याऐवजी कोणी १६ चौरस मिलिमीटरची टाकली, तर सुमारे दीड व्होल्ट हरवतात आणि जवळजवळ सहाशे वॅट उष्णता त्या केबलमध्ये तयार होते. एवढ्या उष्णतेत केबलचे प्लॅस्टिक मऊ पडायला वेळ लागत नाही. म्हणून विंचसोबत आलेल्या केबलपेक्षा बारीक केबल कधीही वापरू नये, आणि बॅटरी मागे हलवलेली असेल तर अधिक जाड घ्यावी.

धन आणि ऋण दोन्ही केबल थेट बॅटरीच्या टोकांना जाव्यात. ऋण केबल चॅसीला कोठेतरी बोल्टने जोडून वेळ मारून नेणे चुकीचे आहे. तेथे रंग असतो, गंज असतो आणि ४०० अँपिअर त्या छोट्याशा स्पर्शातून जाऊ पाहतात. केबलचे लग (टोकाला बसवायच्या धातूच्या जोडण्या) हायड्रॉलिक दाबयंत्राने दाबून घ्यावेत, हातोडीने चेपू नयेत. रेडिएटरच्या कडेने, पत्र्याच्या भोकातून केबल जाते तेथे रबरी नळी चढवावी, कारण विंचच्या केबलला बहुतेक ठिकाणी फ्यूज नसतो. इन्सुलेशन घासून तार चॅसीला लागली, तर बॅटरीचा सगळा प्रवाह तेथून धावेल. याच कारणाने मी बॅटरीजवळ हाताने बंद करता येणारा मोठा आयसोलेटर स्विच बसवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानत नाही. विंच वापरायची नसेल तेव्हा तो बंद. सोलेनॉइडचे, म्हणजे बटण दाबल्यावर मोटरकडे वीज सोडणाऱ्या स्विचचे, संपर्क चिकटून विंच बटण सोडल्यावरही फिरत राहण्याचा प्रकार घडतो, आणि तेव्हा हाच स्विच कामाला येतो.

रामबागकर :

सियागंजवाले दादा, मोठा अल्टरनेटर बसवला तर बॅटरीची चिंता मिटते का? आणि विंच किती वेळ सलग चालवावी?

सियागंजवाला :

अल्टरनेटर नव्वद अँपिअरचा धरा. विंच ४०० घेत असेल तर उरलेले ३१० बॅटरीतून जातात. एक मिनिट असे ओढले की बॅटरीतून सुमारे पाच अँपिअर-तास गेले, आणि ते परत भरायला इंजिन चालू ठेवूनही पाच-सहा मिनिटे लागतात. दीडशे अँपिअरचा अल्टरनेटर बसवला तरी २५० बॅटरीतूनच जाणार. म्हणून आधी बॅटरी चांगली हवी, इंजिन सतत चालू हवे आणि ओढ थांबत-थांबत हवी. सलग किती, तर जड भारावर एक मिनिटापेक्षा जास्त नाही. मग थांबून मोटरच्या डब्याला हात लावून पाहावे. हात ठेववत नसेल तर ती गार होईपर्यंत थांबावे. हा विसावा मोटर आणि बॅटरी दोघांनाही लागतो. ओढताना मोटरचा आवाज एकदम जड झाला, तर बटण सोडून कप्पी लावण्याचा विचार करावा.

महूची चालक :

दोन प्रश्न आहेत. पहिला, लोखंडी दोर घ्यावा की सिंथेटिक? दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गाडी रुतली की दहा मिनिटांत शेजारच्या शेतातून, वाडीवरून माणसे मदतीला येतात. ती मनापासून मदत करतात आणि दोराच्या अगदी शेजारी उभी राहून गाडीला धक्का देऊ लागतात. लहान मुले तर दोरावरून उड्या मारतात. त्यांना दूर कसे ठेवावे?

लोहामंडीकर :

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाने हा धागा काढण्याचे सार्थक झाले. त्याचे उत्तर आधी देतो.

ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, दोर जेवढा बाहेर आहे त्याच्या दीडपट अंतरापर्यंत कोणीही असू नये. दोर वीस मीटर बाहेर असेल तर तीस मीटर. कप्पीने दोर वळवलेला असेल तर वळणाच्या आतला त्रिकोण सर्वांत धोक्याचा, कारण कप्पी किंवा तिचा पट्टा सुटला तर दोर त्याच बाजूने झेपावतो. गावातील मंडळींना ‘दूर व्हा’ असे ओरडून सांगण्याने ती दूर होत नाहीत, कारण ती पाहुण्याच्या मदतीला आलेली असतात आणि काम न करता उभे राहणे त्यांना अवघड वाटते. त्यांच्यातील एका वडीलधाऱ्या माणसाला आदराने बाजूला घेऊन विनंती करावी, की काका, हा दोर तुटला तर माणूस जातो, आपण मुलांना त्या बांधापलीकडे घेऊन उभे राहावे आणि कोणी पुढे आले तर मला हात वर करून थांबवावे. ही जबाबदारी ते अतिशय नेटाने पार पाडतात. तोपर्यंत विंच सुरू करू नये. खोदायचे काम विंच सुरू होण्यापूर्वी सर्वांनी मिळून करावे. तेथे प्रत्येक हात हवाच आहे.

रिमोट एकाच माणसाच्या हाती असावा आणि त्याला खुणा करणाराही एकच असावा. इतर कोणी काहीही ओरडले तरी चालवणाऱ्याने ऐकायचे ते एकच, ‘थांबा’. तो शब्द कोणीही उच्चारला तरी बटण सोडायचे. चालवणारा गाडीत बसून रिमोट वापरत असेल तर बॉनेट वर उचलून ठेवावे, म्हणजे दोर उलटून आला तर काचेला आडोसा मिळतो. मात्र समोरचे दिसत नसल्याने खुणा करणारा बाजूला, सुरक्षित अंतरावर, दिसेल असा उभा हवा. तारेच्या रिमोटची वायर चाकाखाली किंवा ड्रममध्ये जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि काम संपताच ती काढून ठेवावी.

आता दोर. लोखंडी दोर घासण्याला आणि दगडाला चांगला टिकतो, जानापावच्या बाजूच्या बेसाल्टच्या धारदार खडकांत ही मोठी गोष्ट आहे. पण तो जड असतो, तुटला तर त्याचा फटका जीवघेणा असतो, आणि त्याच्या तुटलेल्या बारीक तारा हातात घुसतात. जाड चामडी हातमोजे घालूनच त्याला हात लावावा आणि दोर हातातून सरकू न देता हात बदलत धरावा. सिंथेटिक दोर, म्हणजे डायनीमासारख्या तंतूंचा, हलका आणि हाताळायला सुखाचा असतो, पाण्यावर तरंगतो आणि तुटला तर त्याच्या स्वतःच्या वजनाचा फटका फार कमी असतो. मात्र हा तंतू सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बराच आधी कमजोर होऊ लागतो. अनेक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. भार धरून दोर बाहेर सोडत गाडी उतरवली की ड्रम आतून तापतो आणि सर्वांत खालचा थर, जो डोळ्यांना दिसत नाही, तोच भाजतो. सिंथेटिक दोर असेल तर उतारावर गाडी विंचने सोडण्याचे काम थोडेथोडे, थांबत करावे.

‘सिंथेटिक आहे, काही होत नाही’ असे म्हणून दोराशेजारी उभे राहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की दोर हलका असला तरी त्याच्या टोकाला असलेला लोखंडी हुक किंवा शॅकल तेवढाच जड असतो. झाडाचा पट्टा तुटला तर तो शॅकल गोळीसारखा येतो. दोन्ही प्रकारच्या दोरांवर मध्यभागी जाड घोंगडी, जड जॅकेट किंवा माती भरलेली पिशवी टाकावी, आणि दोर आत येत जाईल तसे थांबून ती पुन्हा मध्यावर सरकवावी.

दोर बदलला तर तो बाहेर येण्याचे पुढचे तोंड, म्हणजे फेअरलीड, हेही बदलावे. लोखंडी दोराला रोलरचे फेअरलीड आणि सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमचे हॉस फेअरलीड. लोखंडी दोराने खाचा पडलेल्या फेअरलीडमधून सिंथेटिक दोर नेला तर तो काही ओढींतच कापला जातो. ड्रमवर लोखंडी दोराचे किमान पाच आणि सिंथेटिकचे आठ ते दहा वेढे नेहमी उरले पाहिजेत. ड्रमवरचे टोकाचे बंधन भार सोसण्यासाठी नसते. भार वेढ्यांच्या घर्षणाने सोसला जातो. नवा दोर सपाट जागी, दुसरी गाडी हलक्या ब्रेकवर ओढत, ताण देऊन गुंडाळावा. सैल गुंडाळलेल्या दोरात वरचा थर खालच्या थरांत घुसतो आणि तेथेच चिरडतो.

देवासनाका :

कप्पीविषयी लिहिणार होतात. मी असे समजत होतो की झाडाला कप्पी लावून दोर रुतलेल्या गाडीला बांधला की जोर दुप्पट होतो. माझी विंचची गाडी कोरड्या रस्त्यावर उभी असते आणि मित्राची गाडी शेतात.

लोहामंडीकर :

देवासनाका, आपण सांगितलेल्या मांडणीत जोर वाढत नाही, फक्त दिशा बदलते. जोर वाढायचा असेल तर कप्पी हलणाऱ्या वस्तूला, म्हणजे रुतलेल्या गाडीला लावावी आणि दोराचे टोक परत आपल्या गाडीच्या ओढीच्या हुकाला किंवा शेजारच्या पक्क्या झाडाला बांधावे. तेव्हा रुतलेल्या गाडीवर दोन दोर ओढतात, म्हणून ओढ जवळजवळ दुप्पट होते (घर्षणामुळे पूर्ण दुप्पट होत नाही) आणि वेग निम्मा होतो. स्वतःचीच गाडी रुतलेली असेल तर विंच त्याच गाडीवर असते. तेव्हा कप्पी झाडाला लावून टोक परत स्वतःच्या गाडीला बांधले की दुप्पट जोर मिळतो. हे टोक विंचच्या पायाला न लावता चॅसीवरच्या स्वतंत्र हुकाला लावावे, नाहीतर सगळा भार पुन्हा एकाच पायावर येतो. वेग निम्मा होणे हा मला फायदाच वाटतो, कारण गाडी सावकाश हलली तर चूक दिसायला आणि थांबायला वेळ मिळतो. शिवाय दोर दुप्पट बाहेर निघाल्याने ड्रमवरचे थर कमी होतात आणि विंच पुन्हा बलवान होते.

या मांडणीत झाडावर किती भार येतो, हे मात्र लोक विसरतात. दोराचे दोन्ही भाग समांतर असतील तर कप्पीवर, म्हणजे तिच्या शॅकलवर, पट्ट्यावर आणि झाडावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो. काटकोनात वळवला तर सुमारे १.४ पट. विंच तीन टन ओढत असेल तर झाडाकडे सहा टन. सर्रास मिळणारा पाऊण इंची शॅकल ४.७५ टन कामाच्या भारासाठी प्रमाणित असतो. तो लगेच तुटेल असे नाही, कारण प्रमाणित भाराच्या वर सुरक्षिततेची पुष्कळ शिल्लक असते. परंतु त्या शिलकीवर विसंबून काम आखू नये. आणि ज्या शॅकलवर भार छापलेलाच नाही, तो या कामाला आणूच नये. पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे फिरवावी, म्हणजे भारानंतर ती अडकत नाही.

झाडाला दोर थेट गुंडाळून हुक त्याच दोरात अडकवू नये. दोर कापला जातो आणि झाडाची साल सोलून ते झाड मरते. रुंद पट्टा बुंध्याच्या अगदी खाली, जमिनीलगत बांधावा.

देवासनाका :

समजले. आमच्याकडे सोयाबीनच्या शेतांत मैलभर झाड नसते. बांधावरचे बाभळीचे झाड चालेल का?

लोहामंडीकर :

बुंधा हाताच्या कवेत मावत नाही असे जिवंत झाड असेल तर चालेल, पण भरपावसात काळ्या मातीत मुळांची पकड सैल होते. प्रथम हलका ताण देऊन थांबावे आणि बुंध्याच्या पायथ्याशी माती फाटते आहे का, हे दुरून पाहावे. फाटत असेल तर दुसरे झाड शोधावे किंवा दोन झाडांवर पट्टे लावून भार वाटावा. काहीच नसेल तर जादा चाक पुरण्याचा जुना उपाय आहे. निदान चाकाच्या उंचीएवढा खोल खड्डा, त्याची गाडीकडची भिंत शक्य तेवढी उभी, चाक त्या भिंतीला टेकवून उभे, चाकाच्या मधल्या भोकातून मागे आडवा जाड रॉड घालून त्याला पट्टा, आणि पट्ट्यासाठी गाडीच्या दिशेने उतरती चर. चर न खणता पट्टा वरून आणला तर ओढ चाकाला वर उचलते. माती चिखल झालेली असेल तर हा उपाय फार भार घेत नाही, म्हणून तेथेही कप्पी झाडाऐवजी पुरलेल्या चाकाला लावण्यापूर्वी दुप्पट भाराचा विचार करावा.

राऊनिवासी :

कायद्याचे काय? आमच्या ओळखीच्या एकाला पुढच्या लोखंडी गार्डवरून दंड झाला.

महूची चालक :

याचे उत्तर मी देते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ रचनेपासून बदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्ड यांच्यावर कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. त्यामागे पादचाऱ्याला होणारी गंभीर इजा आणि एअरबॅगच्या संवेदकांवर होणारा परिणाम ही कारणे आहेत. पुढच्या भागात मोठा लोखंडी सांगाडा आला की धडक बसल्यावर पुढचा भाग जसा दबायला हवा तसा दबत नाही. मूळ बंपरच्या मागे लपणारा पाया त्यातल्या त्यात बरा, परंतु तो बसवण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावे. नंबर प्लेट झाकली जाऊ नये आणि रेडिएटरची हवा अडू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर असतो.

रामबागकर :

शेवटची शंका. खेड्यात ट्रॅक्टर हमखास मिळतो. विंचचा दोर ट्रॅक्टरला बांधून ट्रॅक्टरनेही ओढावे आणि विंचही चालवावी, असे केले तर काम लवकर होईल का?

लोहामंडीकर :

कृपया असे करू नये. ट्रॅक्टर झटका देतो आणि विंचचा दोर झटक्यासाठी नसतो. विंचचे गिअर आणि ब्रेकही झटक्यासाठी नसतात. ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर विंचचा दोर पूर्ण गुंडाळून ठेवावा आणि ओढण्यासाठीचा स्वतंत्र पट्टा दोन्ही बाजूंच्या पक्क्या हुकांना लावावा. ट्रॅक्टरला केवळ आधार म्हणून वापरायचे असेल तर मात्र तो उत्तम आधार आहे. तो कोरड्या, घट्ट जागी उभा करावा, हँडब्रेक ओढून चाकांच्या मागे, म्हणजे ओढीच्या बाजूला, मोठे दगड लावावेत आणि पट्टा त्याच्या मागच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या आसापेक्षा खाली लावावा. आसाच्या वर, सीटमागच्या सांगाड्याला किंवा वरच्या जोडणीला पट्टा लावला तर ओढ ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलू शकते आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. आणि विंच चालू असेपर्यंत ट्रॅक्टरवर कोणी बसू नये. चालकाला वाटते की आपण ब्रेक दाबून बसलो तर मदत होईल. त्यांना समजावून खाली उतरवावे आणि बांधापलीकडे काकांशेजारी उभे करावे.